दारू सुटली, आतां जावें कोठें?

धुळ्याच्या एका भगिनीचें पत्र गेल्या महिन्यांत आमच्याकडे आलें. पत्र चार पानांचें, अक्षर सुवाच्य, आणि शेवटीं नांव छापूं नये अशी विनंति. त्यांचे धाकटे दीर व्यसनमुक्ति केंद्रांत गेल्याला महिना होऊन गेला. आठ-दहा दिवसांत ते परत येणार. घरांत सासू-सासरे, तीन भाऊ, जावा आणि लहानमोठीं सात मुलें. सासरे म्हणतात, "वर्षभर बाहेर कोठें तरी राहून दाखवूं दे, मग घरांत घेऊं." सासूबाई कांहीं बोलत नाहींत, देवघरांत मात्र पूर्वींपेक्षां अधिक वेळ बसतात. थोरल्या मुलीचें लग्न यंदा जमवावयाचें आहे. पाहावयास येणाऱ्या मंडळींना काकांविषयीं काय सांगावें, हाहि एक प्रश्न. दिरांची पत्नी दोन मुलांसह माहेरीं जळगांवास आहे. तिचें म्हणणें अद्याप कोणी विचारलेलें नाहीं. पत्राच्या अखेरीस भगिनी विचारतात, "गुरुजी, दारू सुटलेल्या माणसाला घरांत घ्यावें कीं नाहीं? शास्त्र काय सांगतें, आणि आपलें स्वतःचें मत काय?"

शास्त्राकडे लवकरच वळूं. परंतु मत विचारलें आहे, तें देण्यापूर्वीं एक कबुली देणें आम्हांस भाग आहे. हाच प्रश्न कांहीं वर्षांपूर्वीं आमच्या ओसरीवर आला होता, आणि त्या वेळीं आम्हीं दिलेलें उत्तर चुकलें होतें.

आमचा एक जुना विद्यार्थी. संस्कृताच्या तासाला पहिल्या बांकावर बसे. आज सुभाषित सांगितलें कीं उद्यां अन्वयासह म्हणून दाखवी. पुढें नोकरी, लग्न, मूल, सर्व यथास्थित झालें. आणि त्यामागोमाग दारूहि आली. प्रथम मित्रांच्या मेजवानींत, मग एकट्यानें, मग सकाळीं उठल्याबरोबर. कर्ज झालें, नोकरी गेली, पत्नी मुलाला घेऊन निघून गेली. थोरल्या भावानें पदरचे पैसे खर्चून त्याला बाहेरगांवीं उपचारास ठेविलें. तो बरा होऊन आला त्या संध्याकाळीं त्याला घरीं बसवून थोरला आमच्याकडे आला आणि म्हणाला, "गुरुजी, ठेवूं का याला घरांत?" आम्ही पडलों मास्तर, मुलांना शिस्त लावण्यांत जन्म गेलेला. आम्हीं सांगितलें, "वर्षभर बाहेर राहूं दे. ठेंच लागल्यावांचून माणूस शहाणा होत नाहीं." थोरल्यानें गुरूचा शब्द मानला. दुसऱ्या दिवशीं धाकट्याच्या हातीं एक पेटी आणि थोडे पैसे देऊन त्याला वाटेस लाविलें.

त्याला जळगांवांत खोली कोणी देईना. जुने सोबती मात्र होते; त्यांचें दार रात्रीं बारा वाजतांहि उघडें असे. दोन महिन्यांत दारू पुन्हां सुरू झाली. पुढें दीड-दोन वर्षांनीं आम्ही नागपुराहून येतांना गाडी बदलण्यासाठीं भुसावळास उतरलों, तों फलाटाच्या टोंकाशीं नळाजवळ एक माणूस पोत्यावर निजलेला दिसला. त्यानें आम्हांस आधीं ओळखलें आणि पंचानें तोंड झांकून घेतलें. आम्हींहि त्याला ओळखलें होतें. परंतु बरोबर व्याही मंडळी होती. आम्ही न पाहिल्यासारखें करून जिना चढलों. हें लिहितांना लाज वाटते; पण ज्याला नवा सल्ला द्यावयाचा आहे त्यानें आपला जुना सल्ला कसा फळला हें लपवूं नये.

आतां शास्त्र. 'व्यसन' हा शब्दच प्रथम पाहावा. 'वि' हा उपसर्ग आणि 'अस्' म्हणजे फेंकणें हा धातु, यांपासून तो सिद्ध झाला आहे. माणसाला त्याच्या हितापासून दूर फेंकतें तें व्यसन, असाच अर्थ कौटिल्यानें अर्थशास्त्राच्या आठव्या अधिकरणांत लाविला आहे. संस्कृतांत संकटालाहि व्यसन म्हणतात आणि द्यूतमद्यादिकांच्या आसक्तीलाहि व्यसनच म्हणतात. व्यसनी माणूस शेवटीं घराबाहेर फेंकला जातो, ही गोष्ट शब्द घडविणाऱ्यांस ठाऊक असावी असें वाटतें.

ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलांत चौतिसावें सूक्त जुगाऱ्याच्या तोंडीं घातलेलें आहे. अक्षसूक्त या नांवानें तें प्रसिद्ध आहे. त्यांतील जुगाऱ्याची सासू त्याचा तिरस्कार करते, पत्नी त्याला दूर लोटते, आणि आईबाप व भाऊ तर त्याची ओळखच नाकारतात. ऋणानें भ्यालेला तो रात्रीं परक्यांच्या घरीं जातो, इतरांचे नीटनेटके संसार पाहून जळतो, आणि शेवटीं विस्तवापाशीं पडून राहतो. हजारों वर्षांपूर्वींचें हें वर्णन भुसावळच्या फलाटास तंतोतंत लागू पडतें. परंतु सूक्ताचा शेवट पाहण्यासारखा आहे. देव त्याला नुसतें "खेळूं नको" म्हणून थांबत नाहीं; शेत कर, तुझ्या गायी तेथें आहेत, तुझी पत्नी तेथें आहे, असें दाखवून देतो. म्हणजे निषेधाबरोबर काम आणि घर हीं दोन्ही त्याच्या पुढें ठेवितो.

यावर कोणी म्हणेल, वेदाचें असो, धर्मशास्त्र तर कडक आहे. सुरापान हें महापातकांत गणलें आहे. तें खरें. मनुस्मृतींतील पुष्कळ गोष्टी आज कोणी मान्य करणार नाहीं व करूंहि नयेत. परंतु ज्यांना कडक शास्त्राचाच आधार हवा त्यांनीं अकरावा अध्याय पुरता वाचावा. पतित झालेल्या माणसाचे सपिंड गांवाबाहेर जमून त्याच्या नांवानें पाण्यानें भरलेला घट लवंडवीत. तो मेला असें मानून त्याच्याशीं बोलणें-बसणें बंद करीत. आज आपण नवराबायकोच्या काडीमोडीस 'घटस्फोट' म्हणतों, तो शब्द मूळचा या विधीचा. हा भाग सर्वांना पाठ असतो. पुढचा भाग मात्र कोणी सांगत नाहीं. त्यानें प्रायश्चित्त केलें कीं त्याच सपिंडांनीं त्याच्याबरोबर पुण्य जलाशयांत स्नान करावें, नवा घट पाण्यांत सोडावा, आणि मग त्या माणसानें आपल्या घरांत जाऊन ज्ञातीचीं सर्व कृत्यें पूर्ववत् करावींत, असें त्याच अध्यायांत आहे. वर्षभर बाहेर राहून दाखवावें असें तेथें नाहीं. आणि स्नान एकट्यानें करावयाचें नाहीं, घरच्यांनीं त्याच्या बरोबर करावयाचें आहे. इतक्या कठोर ग्रंथानेंहि दार बंद करण्याच्या विधीबरोबर दार उघडण्याचा विधि लिहून ठेविला. आपण पहिला तेवढा लक्षांत ठेविला.

असो. पोथी पुरे, आपल्या खानदेशाकडे पाहूं. आमच्या पांढरपेशा घरांतून एक समज आहे कीं दारू ही खालच्या वस्त्यांतील आणि डोंगरांतील गोष्ट, आपल्याकडे असलें कांहीं नसतें. ज्यांना असें वाटतें त्यांनीं डोंगरांतील लोकांनीं काय केलें हें अवश्य ऐकावें. तळोदें तालुक्यांतील मोरवड या गांवीं गुलाम महाराज नांवाचे एक भिल्ल साधुपुरुष होऊन गेले. त्या वेळीं तो मुलूख पश्चिम खानदेश जिल्ह्यांत होता व त्याचें मुख्य ठाणें धुळें. १९९८ पासून तो नंदुरबार जिल्ह्यांत आहे. १९३७-३८ च्या सुमारास त्यांनीं आपल्या लोकांस सांगितलें कीं रोज स्नान करा, दारू सोडा, आणि एकमेकांना 'आप' म्हणून हांक मारा. ज्या समाजाला सावकारापासून शिपायापर्यंत सारे अरेतुरे करीत, त्यानें आपसांत 'आप' म्हणावयास आरंभ केला. आरतीस हजारों माणसें जमूं लागलीं आणि गांवेंच्या गांवें दारूपासून दूर झालीं. १९३८ सालींच गुलाम महाराज वारले. त्यांचे बंधु रामदास महाराज यांनीं तें कार्य पुढें चालविलें. मोरवडला आज रंजनपूर म्हणतात.

या चळवळींत आम्हांस दोन गोष्टी विशेष वाटतात. पहिली ही कीं तेथें एकेका दारुड्याला वेगळा काढून सुधारावयास पाठविला नाहीं. सबंध पाड्यानें मिळून सोडली. त्यामुळें सोडणाऱ्यास परत येण्याचा प्रश्नच पडला नाहीं, कारण तो गेलाच नव्हता. दुसरी ही कीं दारू काढून घेण्याबरोबर त्या माणसाला मान दिला. रिकाम्या हातानें कोणी फार दिवस राहत नाहीं. आम्ही शिकलेल्यांनीं आमच्या विद्यार्थ्याच्या हातांतून पेला घेतला आणि त्या हातांत पेटी दिली.

कायद्याचा मार्गहि आपल्या राज्यानें चालून पाहिला आहे. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्यानें १९५० पासून सबंध मुंबई राज्यांत, अर्थात् खानदेशांतहि, बंदी आली. पुढें १९६० नंतरच्या दशकांत परवान्यांच्या वाटेनें ती सैल झाली. २००८ सालच्या नियमांनीं स्त्रियांच्या हातीं एक चांगलें साधन दिलें: गांवांतील वा वॉर्डांतील चतुर्थांश स्त्री-मतदारांनीं मागणी केली कीं मतदान घ्यावें, आणि एकूण स्त्री-मतदारांपैकीं निम्म्याहून अधिक जणींनीं 'आडव्या बाटली'स मत दिलें तर दुकान बंद व्हावें. अनेक गांवांतील भगिनींनीं या मार्गानें दुकानें बंद पाडलीं, त्यांस आमचा नमस्कार. तथापि दुकान बंद झाल्यानें नवा माणूस वाचतो. जो आधींच अडकला आहे त्याची सुटका वेगळ्या उपायांनीं करावी लागते.

कारण हा नुसता नीतीचा प्रश्न नाहीं, रोगाचा आहे. वर्षानुवर्षें पिणाऱ्यानें एकाएकीं दारू बंद केली तर पहिल्या चार-पांच दिवसांत हात कांपतात, घाम सुटतो, झोंप जाते, कित्येकांना भास होतात व झटके येतात. योग्य उपचार न झाल्यास प्राणावर बेततें. म्हणून "खोलींत कोंडून ठेवूं, दोन दिवसांत उतरेल" हा घरगुती उपाय कधींहि करूं नये. डॉक्टरांच्या देखरेखीखालीं औषधें, पोषण, ब-१ जीवनसत्त्व देऊन हे दिवस पार पाडावे लागतात. तसेंच 'रोग्याला न कळतां दारू सोडवा' अशा जाहिराती पाहून चहांत वा वरणांत पूड मिसळणाऱ्या भगिनी आम्हांस ठाऊक आहेत. दारूवर उलट परिणाम घडविणारें डायसल्फिराम हें औषध डेन्मार्कमध्यें १९४८ च्या सुमारास पुढें आलें. डॉक्टर तें रोग्याच्या संमतीनें देतात, कारण तें पोटांत असतां दारू घेतल्यास रक्तदाब उतरून जीव धोक्यांत येऊं शकतो. चोरून दिलेल्या पुडींत काय आहे हें देणारीला ठाऊक नसतें आणि घेणाऱ्यालाहि नसतें. पतीचे प्राण वांचविण्यास जावें आणि भलतेंच व्हावें, असें होऊं नये.

दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेनें केंद्र सरकारसाठीं केलेली पाहणी २०१९ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्याप्रमाणें देशांत सुमारें १६ कोटि माणसें दारू पितात, आणि त्यांतील सुमारें २ कोटि ९० लक्ष तिच्यावर पूर्णपणें अवलंबून झालेलीं आहेत. अशा ३८ माणसांत एकालाच कोणता तरी उपचार मिळतो. म्हणजे आमच्या पत्रलेखिका भगिनींचे दीर अडतिसांतील एक भाग्यवान् आहेत. ज्यांच्या घरीं अद्याप उपचार सुरू नाहीं त्यांच्यासाठीं केंद्र सरकारचा १४४४६ हा मोफत दूरध्वनि आहे. त्यावर विचारणा करण्यांत कमीपणा नाहीं.

उपचार करणाऱ्या संस्था आपल्या महाराष्ट्रांत आहेत. पुण्याचें मुक्तांगण सर्वांना ठाऊक आहे. येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारांत २९ ऑगस्ट १९८६ रोजीं डॉ. अनिता अवचट आणि डॉ. अनिल अवचट यांनीं तें सुरू केलें, पु. ल. व सुनीताबाई देशपांडे यांनीं त्यासाठीं एक लक्ष रुपये दिले होते. डॉ. अनिता १९९७ सालीं गेल्या, डॉ. अनिल २०२२ सालीं. पण काम थांबलें नाहीं. तेथें रुग्ण सुमारें पांच आठवडे राहतो. परंतु आमच्या मतें त्या संस्थेचें मर्म त्या पांच आठवड्यांपेक्षां नंतरच्या व्यवस्थेंत आहे. बरे झालेले कित्येकजण तेथेंच कार्यकर्ते होतात. दारू सोडल्याचा वाढदिवस साजरा करतात. रुग्णांच्या पत्नींना एकत्र बसवून त्यांचें दुःखहि ऐकून घेतलें जातें. अमेरिकेंत १९३५ सालीं सुरू झालेली 'अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस' ही मंडळी १९५७ मध्यें मुंबईस आली. तीहि याच तत्त्वावर चालते. आडनांव विचारलें जात नाहीं, फी नाहीं. पिणाऱ्यानेंच पिणाऱ्याला हात द्यावयाचा आणि फक्त आजचा दिवस सांभाळावयाचा. तात्पर्य, केंद्रांतून बाहेर पडतो त्या दिवशीं उपचार संपत नाहीं. त्याचा दुसरा व अधिक लांब भाग सुरू होतो, आणि तो घरीं व्हावयाचा असतो.

आणि घरच नसेल तर? येथें भुसावळचा फलाट पुन्हां डोळ्यांपुढें येतो. २०११ च्या जनगणनेंत देशांत १७ लक्ष ७० हजारांवर बेघर माणसें मोजलीं गेलीं. त्यांपैकीं सुमारें २ लक्ष १० हजार महाराष्ट्रांतील. हीं सारीं व्यसनी नव्हेत, हें प्रथम स्पष्ट सांगितलें पाहिजे. कामाच्या शोधांत आलेला मजूर, मुलांनीं टाकलेली म्हातारी, मनाचा तोल गेलेला प्रवासी, असे नाना प्रकारचे लोक त्यांत असतात. डॉ. भरत वाटवानी व डॉ. स्मिता वाटवानी हें दांपत्य १९८८ पासून रस्त्यावरील मनोरुग्णांना उचलून, उपचार करून, त्यांचीं घरें शोधून परत पोंचवीत आलें आहे, डॉ. भरत यांना २०१८ सालीं मॅगसेसे पारितोषिक मिळालें. ज्यांना आपण 'वेडा' म्हणून ओलांडून जातों त्यांचीं घरें कोठें तरी असतात आणि तेथें कोणी तरी वाट पाहत असतें, हें त्यांनीं दाखवून दिलें. परंतु बेघर होण्यापूर्वीं जो पीत नव्हता तोहि थंडी, भूक आणि भय यांवर उतारा म्हणून पुष्कळदां पिऊं लागतो. व्यसनानें घर जातें आणि घर गेल्यानें व्यसन जडतें, असें हें दुहेरी चक्र आहे.

सरकारनें यासाठीं कांहीं केलें नाहीं असें नव्हे. शहरांतून दर एक लक्ष लोकवस्तीमागें एक कायमचा निवारा असावा, असें सर्वोच्च न्यायालयानें २०१० सालीं बजाविलें. आणि २०१३ च्या राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानांत तशी योजना आंखली गेली. निवारा बारा महिने चोवीस तास उघडा असावा, माणशीं पन्नास चौरस फूट जागा, अंथरूण-पांघरूण, पाणी, सामान ठेवण्याची सोय असावी, असें तींत होतें. २०११ सालीं जळगांव शहराची वस्ती सुमारें ४ लक्ष ६० हजार आणि धुळ्याची ३ लक्ष ७५ हजार होती. त्या हिशेबानें जळगांवास निदान चार आणि धुळ्यास निदान तीन निवारे हवेत. आमच्या वाचकांपैकीं किती जणांना आपल्या गांवांतील एका तरी निवाऱ्याचा पत्ता सांगतां येईल? आम्हांस परवांपर्यंत येत नव्हता. नगरसेवक मत मागावयास येतात तेव्हां नळ आणि गटारें यांबरोबर हाहि प्रश्न त्यांना विचारावा.

निवाऱ्यांचीहि एक अडचण असते. शिस्तीसाठीं बहुधा पिऊन आलेल्यास आंत घेत नाहींत. इतर माणसांची झोंप व सुरक्षितता पाहतां तें समजण्यासारखें आहे. पण त्याचा अर्थ असा होतो कीं आधीं सोड, मग छप्पर देऊं. आणि छपरावांचून तर सुटत नाहीं. या कोड्यास न्यूयॉर्क येथें १९९२ मध्यें एका संस्थेनें उलट बाजूनें हात घातला: आधीं खोली द्यावयाची, अट न घालतां, उपचार त्यानंतर. फिनलंड देशानें २००८ पासून हेंच राष्ट्रीय धोरण केलें, रात्रनिवारे मोडून तेथें स्वतंत्र खोल्या बांधल्या. वर्षानुवर्षें बेघर असलेल्यांची संख्या तेथें निम्म्याहून खालीं आली. कॅनडानें २००९ ते २०१३ या काळांत पांच शहरांतून दोन हजारांवर माणसें घेऊन याची परीक्षा पाहिली. ज्यांना आधीं घर दिलें तीं माणसें घरांत टिकलीं. तथापि नुसत्या घरामुळें त्यांची दारू इतरांपेक्षां फारशी अधिक सुटली नाहीं, हेंहि त्या परीक्षेंतच दिसून आलें. म्हणून आम्ही असें म्हणत नाहीं कीं घर दिलें कीं झालें. घर हें औषध नव्हे. पण औषध ठेवावयास फळी लागते, ती घराचीच.

आतां धुळ्याच्या भगिनींस उत्तर. दिरांना घरांत घ्यावें. परंतु डोळे मिटून नव्हे. घरच्या सर्व वडील मंडळींनीं, ते येण्यापूर्वीं, एकत्र बसून कांहीं गोष्टी ठरवाव्या. घरांत कोणत्याहि निमित्तानें, पाहुण्यांसाठींहि, दारू येणार नाहीं. त्यांच्या हातीं आरंभीं फार पैसा देऊं नये. पण हें त्यांच्याशीं बोलून ठरवावें, चोरून खिसे तपासूं नयेत. पहिल्या दिवसापासून त्यांच्यावर एखादें नेमाचें काम सोंपवावें: भाजी आणणें असो, मुलांचा अभ्यास असो वा दुकानाची वही असो. केंद्रानें सांगितलेल्या दिवशीं पाठपुराव्यास जावें आणि घरांतील एकानें बरोबर जावें. प्रत्येक जेवणाला मागल्या गोष्टी उगाळूं नयेत. आणि मुख्य म्हणजे, पुन्हां एकदां घसरले तर काय करावयाचें हें आधींच ठरवून ठेवावें. कारण या रोगांत घसरणें पुष्कळदां होतें, आणि त्या दिवशीं संतापाच्या भरांत घेतलेला निर्णय घातक ठरतो. घसरले तर डॉक्टरांकडे न्यावें, दाराबाहेर काढूं नये.

दुसरें, त्यांच्या पत्नीविषयीं. ती माहेराहून केव्हां यावी, यावी कीं नाहीं, हें सासऱ्यांनीं ठरवावयाचें नाहीं. तिनें काय काय सोसलें आहे हें तिलाच ठाऊक. मारहाण झाली असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यानें तिला संरक्षण दिलें आहे. तें मागण्याचा तिचा हक्क आहे, आणि नवरा बरा झाला म्हणून तो हक्क संपत नाहीं. आपल्या घरांतून एक खोड फार जुनी आहे: मुलाला क्षमा करावयाची ती सासूसासऱ्यांनीं, आणि तिचा भार वाहावयाचा तो सुनेनें. तसें होऊं देऊं नका. दार सबंध कुटुंबानें उघडावें आणि पहारा सबंध कुटुंबानें करावा. एकत्र कुटुंबाचा कांहीं उपयोग असेल तर तो अशाच वेळीं.

तिसरें, थोरल्या मुलीच्या लग्नाविषयीं. विचारणाऱ्यांना खरें सांगावें कीं काकांना व्यसन होतें, उपचार झाले, ते घरीं आहेत. हें ऐकून जी मंडळी उठून जातील त्यांच्या घरीं मुलगी न दिलेली बरी. उद्यां मुलीवर एखादें संकट आलें तर ते तिच्याशीं कसे वागतील हें तुम्हांला आजच कळेल.

राहतां राहिली त्या विद्यार्थ्याची गोष्ट. त्याची धाकटी बहीण धुळ्यास एका प्राथमिक शाळेंत शिक्षिका आहे, एकटी राहते. भाऊ भुसावळास दिसतो असें कोणाकडून तरी तिच्या कानांवर गेलें. तीन रविवार ती स्टेशनावर जाऊन शोधीत राहिली; तिसऱ्या रविवारीं तो सांपडला. तिनें त्याला प्रथम दवाखान्यांत नेलें, मग केंद्रांत, आणि तेथून आपल्या दोन खोल्यांतील पुढची खोली त्याला दिली. पहिल्याच वर्षीं शिमग्याला तो एकदां घसरला. दुसऱ्या दिवशीं तिनें शाळेंत रजा टाकली आणि त्याला पुन्हां डॉक्टरांकडे नेलें. बोलली कांहीं नाहीं. त्यालाहि आतां पांच वर्षें झालीं. एका धान्याच्या व्यापाऱ्याकडे तो वह्या लिहितो. मुलगा अधूनमधून भेटावयास येतो. पत्नी आली नाहीं, आणि त्याबद्दल तो तिला बोल लावीत नाहीं.

गेल्या दिवाळींत आम्ही मुद्दाम धुळ्यास गेलों. काय बोलावयाचें हें एस. टी. मध्यें तीन वेळां मनांत जुळविलें होतें. दारांत पोंचल्यावर त्यांतलें एकहि वाक्य आठवेना. त्यानें उठून वांकून नमस्कार केला. आम्हीं एवढेंच म्हटलें, "भुसावळास त्या दिवशीं आम्हीं तुला ओळखलें होतें."

"ठाऊक आहे, गुरुजी," तो म्हणाला. "बसा. चहांत साखर चालते ना अजून?"

भगिनींनीं दीर घरीं आले कीं दोन ओळी अवश्य कळवाव्यात. नांव छापणार नाहीं.